वर्गाबाहेरच्या उषाताई

उषाताई सबनीसांची आणि माझी पहिली भेट चालत्या बसमध्ये झाली आणि पहिल्या पाच मिनिटांतच मी त्यांची परीक्षा घ्यायला लागले होते. उइटहॉर्नहून अ‍ॅमस्टेलव्हीनला जाणारी सकाळची बस. अर्ध्याहून जास्त जागा रिकाम्या, आणि एक पंचेचाळिशीच्या बाई दांडा धरून उभ्या. ओठ हलताहेत, हातात पत्त्यांच्या कॅटाएवढी कागदी चिठ्ठ्यांची चळत. मी नवऱ्याला फोनवर मराठीत काहीतरी सांगितलं, तशा त्या गर्रकन वळल्या.

"मराठी ना? बरं झालं. हे धर. वरचा शब्द वाचायचा, मी अर्थ सांगणार. चुकले तर लगेच सांगायचं. दया दाखवायची नाही."

माझं नाव त्यांनी उतरताना विचारलं. तोवर मानसशास्त्रातल्या वीसेक संज्ञा झाल्या होत्या, दोन चुकल्या होत्या, आणि त्या दोन चुकांवर त्या स्वतःवरच इतक्या चिडल्या होत्या की तिकिटाच्या पट्टीवर शिक्का मारायचा राहिलाय, हे ड्रायव्हरला त्यांना सांगावं लागलं.

ही गोष्ट २००५ च्या आसपासची. नवऱ्याच्या नोकरीमागोमाग मी पुण्याहून हॉलंडला आले होते. इंजिनिअरिंगची पदवी गाठीशी होती, पण हाताला काम नव्हतं. आठवड्यातून तीन सकाळी मी डच भाषेच्या वर्गाला जायचे. उषाताई त्याच बसने एका भारतीय किराणा दुकानात चार तासांच्या नोकरीला जायच्या. डाळींची पाकिटं लावता लावता अभ्यास, गिऱ्हाईक आलं की हिशेब, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा अभ्यास. परदेशातलं एक विद्यापीठ असं होतं की वर्गात एक दिवसही न बसता नुसती परीक्षा दिली, पास झालं, की त्या विषयाची क्रेडिट्स द्यायचं. पुरेशी क्रेडिट्स जमली की पदवी. उषाताईंचे पाच विषय सुटले होते. तीन राहिले होते.

त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. चहा उभ्यानं. फोनवर बोलताना जिन्यावरून वर-खाली. पोळ्या करताना ओट्यावर पुस्तक उघडं, पान उलटायला कोपर. एकदा मी म्हटलं, "उषाताई, जरा टेका की." त्या म्हणाल्या, "टेकले की मला झोप येते गं. आणि एकदा झोप लागली की पंचवीस वर्षं जातात."

ती पंचवीस वर्षं काय होती, ते त्यांनी एका दुपारी दुकानात मिरचीची पाकिटं मोजता मोजता सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. सांगलीला त्या बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाल्या. वडील आदल्या वर्षीच गेले होते. एका ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र आलं, पदवीपर्यंतचा खर्च ते करणार होते. पण काकांनी लग्न ठरवून टाकलं होतं. त्यांनी पत्राच्या मागेच 'मुलीचा विवाह निश्चित झाल्याने' असं लिहून ते परत पाठवलं. "पोस्टात टाकायला मीच गेले होते," उषाताई म्हणाल्या. "एकोणीस, वीस, एकवीस... थांब, मोजणं चुकलं माझं."

विनायकराव, म्हणजे त्यांचे यजमान, वाईट माणूस नव्हते. स्लोटरडाइकला मोठ्या ऑफिसात होते, मितभाषी, हसतमुख. पण चार लोक जमले की म्हणायचे, "आमच्याकडे सध्या परीक्षांचा मोसम आहे. आमटी बेताची असेल." लोक हसायचे. उषाताईही हसायच्या, आणि वाढता वाढता स्वयंपाकघरात दोन फेऱ्या जास्त मारायच्या. परीक्षेची फी त्या विनायकरावांकडे मागत नसत. एका परीक्षेपुरतं दुकानातून साठायला चार-पाच महिने लागायचे, आणि तेवढी वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तेवढ्यात त्यांना हेगमधल्या एका छोट्या निधीचा पत्ता लागला. घरसंसारात शिक्षण सुटलेल्या बायकांना तो फीसाठी मदत करायचा. अर्ज डचमध्ये होता, म्हणून मी शब्दकोश घेऊन त्यांच्या घरी गेले. सगळं नीट चाललं होतं. सहाव्या प्रश्नाशी गाडी अडली: आठवड्याला किती तास वर्गात हजर असता?

"शून्य," उषाताई म्हणाल्या आणि लिहूनही टाकलं.

मी म्हटलं, "थांबा ना. माझ्या डचच्या वर्गात नाव घाला. बाई हजेरीचा दाखला देतील. आठवड्याला सहा तास होतील."

"म्हणजे जे मी केलं नाही ते दाखवू, आणि जे केलंय ते लपवू?" त्या खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. "ते कशासाठी पैसे देताहेत, हे मला तरी कळायला नको का? मला फी नकोय नुसती, ऋतुजा. कुणीतरी माझे मार्क बघावेत आणि म्हणावं की हिला शिकू द्या."

तीन आठवड्यांनी नकार आला. दोनच ओळी होत्या. मी त्यांचं मराठी केलं: "आपण विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही."

"बसत नाही!" उषाताई कडाडल्या. "यांना सगळे बसलेलेच हवेत!" त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला. त्यांची सोळा वर्षांची सई कानांवर हात ठेवून म्हणाली, "मम, डू नॉर्माल." सरळ वाग जरा, अशा अर्थाचं हे वाक्य तिकडची मुलं आईबापांना उठता-बसता ऐकवतात. पण आई ऐकणाऱ्यातली नव्हती. रोज एक फोन, आठवड्याला एक पत्र. शेवटी समितीने भेटीची वेळ दिली.

भेटीला दहा दिवस असताना विनायकरावांची बदली झाली. परत पुणे, दोन महिन्यांच्या आत. निधी फक्त हॉलंडमध्ये राहणाऱ्यांसाठी होता. मला वाटलं, आता हे प्रकरण संपलं. उषाताईंनी मात्र फक्त विचारलं, "हेगची गाडी किती वाजता?"

समितीत तिघं होते. अध्यक्षीणबाई उंच, पिकल्या केसांच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी खुर्ची दाखवली. उषाताईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि उभ्याच राहिल्या. पाच निकालपत्रं टेबलावर ओळीनं मांडली. बोलणं इंग्रजीत झालं. उषाताईंचं इंग्रजी अडखळत चालायचं, पण अडलं तरी थांबायचं नाही.

बाई म्हणाल्या, "निकाल उत्तम आहेत. पण आम्ही वर्गातल्या शिक्षणाला मदत करतो."

"हा निधी तुम्ही कुणासाठी काढला?"

"घरामुळे ज्यांचं शिक्षण थांबलं, त्यांच्यासाठी."

"मग घरामुळेच जिला वर्गात जाता येत नाही, तिनं काय करायचं?"

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पण हजेरीशिवाय एखादी खरंच शिकतेय, हे आम्हाला कळणार कसं?"

"परीक्षा घेऊन!" उषाताईंचा आवाज चढला. "त्यासाठीच तर असते ना ती? तुम्ही मदत कुणाला करता, शिकणारीला की बाकाला?"

उषाताई भिंतीपर्यंत जाऊन परत आल्या. अध्यक्षीणबाईंनी एकेक निकालपत्र उचलून नीट वाचलं. मग म्हणाल्या, "मी हे विश्वस्तांपुढे ठेवीन. पण नियम बदलला तरी तो पुढच्या वर्षीपासून लागू होईल."

"पुढच्या वर्षी मी इथे नसेन. पुढच्या महिन्यात मी भारतात परत जातेय."

बाईंनी चष्मा काढला. "मग आज का आलात?"

उषाताईंचे पाय पहिल्यांदाच एका जागी थांबले. "एकदा माझी शिष्यवृत्ती परत पाठवली होती," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी काही बोलले नव्हते."

परतीच्या गाडीत त्या दर स्टेशनला उठून दारापर्यंत जायच्या, पुन्हा यायच्या. मध्येच मला म्हणाल्या, "जास्त बोलले का गं मी? दुसऱ्या कुणाचं नुकसान तर नाही ना होणार माझ्यामुळे?" मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

उरलेल्या दिवसांत घरभर खोकी पसरली होती आणि त्या खोक्यांतून वाट काढत अभ्यास चालला होता. जायच्या आधी त्यांनी दोन परीक्षा दिल्या. फी या वेळी विनायकरावांनी स्वतःहून भरली. मोसमाबद्दलही ते काही बोलले नाहीत. एका विषयात त्या पास झाल्या, संख्याशास्त्रात आपटल्या. निकाल कळला त्या संध्याकाळी मी गेले, तर त्या भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या, भराभर, एकामागून एक. "चुकलेली गणितं मला दिसतात गं डोळ्यांसमोर," म्हणाल्या. "आता पुण्याहून." विमानतळावर येऊ नकोस म्हणून बजावलं होतं, म्हणून मी गेले नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या वसंतात माझ्या पत्त्यावर हेगहून एक पाकीट आलं. उषाताईंनी पत्रव्यवहारासाठी माझा पत्ता दिला होता, हे मी विसरूनही गेले होते. आत अध्यक्षीणबाईंच्या हातची चिठ्ठी होती: नवा अर्ज सोबत आहे, नव्या नियमानं पहिली मदत दोन मुलांच्या एका आईला मिळाली आहे, हे मेफ्राऊ, म्हणजे श्रीमती, सबनीसांना जरूर कळवावं.

मी ताबडतोब पुण्याला फोन लावला. त्या रस्त्यावर होत्या, मागे हॉर्न वाजत होते. दुसऱ्यांदा दिलेलं संख्याशास्त्र सुटलं होतं, एक विषय उरला होता, आणि चालता चालता त्या धापा टाकत होत्या.

"सहावा प्रश्न वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचला. "वर्गातील हजेरीचे तास, किंवा उत्तीर्ण झालेल्या परीक्षांचे निकाल."

"डचमध्ये 'किंवा'ला काय म्हणतात?"

"ऑफ."

"एवढासाच?"

"एवढासाच."

"परत वाच."

मी परत वाचला. पलीकडून नुसती रहदारी ऐकू येत होती. फोन तुटला असं वाटून मी हाक मारली.

"आहे गं," उषाताई म्हणाल्या. "ऋतुजा, तो शब्द माझा आहे हं. कुणाला सांगू नकोस, हसतील. पण तेवढा एक शब्द त्या देशात मी ठेवून आले."