मिसळीवर आळ

आमच्या शेजारचे काका बेल वाजवत नाहीत. थेट आत येतात, पंखा वाढवतात आणि मग विचारतात, "येऊ का?" मूळचे चांदवडचे, त्यांची कुजबूजसुद्धा द्वारका चौकाच्या गोंगाटात ऐकू जावी. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा घरात सगळेच हळू बोलायला लागलो. काका तेवढे पहिल्यासारखे ओरडत राहिले, "अण्णा, चहा लय पाणचट झालाय तुमच्याकडचा!"

ऑपरेशननंतर अण्णांच्या पोटाला शौचाची पिशवी लागली. ती कधीही आवाज करी. जन्मभर कडक इस्त्रीत वावरलेले अण्णा लाजेनं खोलीबाहेर येईनात. एका रविवारी बहिणीच्या सासरची माणसं भेटायला आली, म्हणून मी त्यांना कसंबसं हॉलमध्ये आणून बसवलं. काका होतेच. सगळे गप्प असताना नेमकी पिशवी वाजली, चांगली लांबलचक. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला.

"माफ करा हां," काका स्वतःचं पोट चोळत म्हणाले. "सकाळी दोन प्लेट मिसळ हाणली. आता ती बोलतीय."

पाहुण्यांनी नाकं मुरडली. एका बाईंनी तर खुर्ची मागे सरकवली. काका निवांत बशीतून चहा ओढत राहिले.

पाहुणे गेल्यावर अण्णा इतके हसले, की टाक्यांवर हात दाबून धरावा लागला.

"अहो, तुमची अब्रू गेली की!"

"होती कधी?" काका म्हणाले. "अन् परत कोणी येणार असलं तर आधी सांगा. मी येऊन बसतो."