टॉवेलाखालचं मशीन

माझी धाकटी जाऊ दिसायला बरी आहे, स्वयंपाक बरा करते, माणसांशी गोड बोलते. हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण ती माझ्याच कंपनीत, माझ्याच बाजूच्या टेबलावर बसून, माझंच काम करते, आणि लोक म्हणतात चांगलं करते. आता हे कसं चालवून घ्यायचं, तुम्हीच सांगा.

काम म्हणजे खोकी. मुरबाडला कारखान्यांच्या वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. यंत्राच्या आतली सर्किटं दुसरे लोक करतात, त्याला बाहेरून जे अंग लागतं ते आम्ही डिझाइन करतो. झाकण कसं बसेल, स्क्रू कुठे येतील, पावसाचं पाणी आत शिरेल का, उन्हात आतलं सर्किट भाजून निघेल का, हातातून पडलं तर कोपरा फुटेल का. मी यात लग्नाच्या आधीपासून आहे. आणि इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला आली ती फक्त नेटवर्कची खोकी. गावागावात इंटरनेटची वायर गेली ना, तिच्यासाठी खांबावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या पडवीत एक राखाडी खोकं लावलेलं असतं. दिसतं का कुणाला? नाही दिसत. पाली बघतात. कुंभारीण माशी बघते, हवेसाठी ठेवलेल्या भोकात चिखल भरून घर बांधते. त्या माशीवर तोडगा काढण्यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला.

माझं पहिलं खोकं लागलं ते भातसानगरला. माझे वडील तिथे धरणावर नोकरीला होते, मी त्या कॉलनीतच वाढले. मोठ्या हौसेने त्यांना खांबाखाली घेऊन गेले आणि वर बोट दाखवलं. त्यांनी मान वर केली, चष्मा सारखा केला आणि विचारलं, हे विजेचं मीटर काय गो? मी समजावून सांगितलं. बरं बरं म्हणाले आणि धरणाच्या पाण्याची पातळी सांगायला लागले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा होता. मला लोकांच्या हातात जाईल अशी एक वस्तू करायची होती. हातातली वस्तू माणूस बघतो, पुसतो, खिशात घालतो, पडली तर हळहळतो. मरायच्या आत अशी एक तरी वस्तू माझ्या हातून व्हावी, एवढंच मागणं होतं.

धाकटीला कंपनीत मीच आणलं. लग्न होऊन आली तेव्हा डिप्लोमा हातात आणि बसली होती घरी. सासूबाई माझ्या मागे लागल्या, हिचं पण बघ की गो. मी साहेबांकडे शब्द टाकला. आपल्याच पायावर धोंडा कसा मारून घ्यावा हे शिकायचं असेल तर माझ्याकडे या. शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावापासून मुरबाडपर्यंत आम्ही दोघी एका स्कूटरवर जातो. गाडी मी चालवते, ती मागे बसून बोलते. जाताना बोलते, येताना बोलते.

मग ते काम आलं. बाजारात आणि जत्रेत पावत्या फाडायला हातात धरायचं मशीन. छोटा कॉम्प्युटरच तो. किंमत टाकली की खालून छापील पावती निघते. हे ऐकून मी मनातल्या मनात गावभर पेढे वाटले, आणि तेवढ्यात साहेब म्हणाले, दोघीही एकेक नमुना करा, बघू कुणाचा चांगला होतो. दोघीही! जिने आजवर फक्त झाकणांचे स्क्रू मोजले ती, आणि मी.

मी माझं मशीन मनापासून केलं. समोर मोठी, उठावदार रबरी बटणं. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा, म्हणजे न बघता अंगठ्याला कळावं आपण कुठे आहोत ते. स्क्रीन लहान, खोलात, वर छज्जा, जेणेकरून ज्याने धरलंय त्यालाच दिसावं. हे मला खांबांनी शिकवलं. खांबावर चढलेला माणूस एका हाताने शिडी धरतो आणि दुसऱ्या हाताने न बघता खोक्याचा खटका शोधतो. बोटाला डोळे असतात असं धरूनच मी सगळी खोकी केली होती. धाकटीने काय केलं? समोर सगळी काच. बटण एक नाही. पातळ, गुळगुळीत, लखलखीत, भरउन्हातही लांबून दिसावा असा आकडा.

साहेबांनी तिचा नमुना हातात घेतला तो खाली ठेवायला तयार होईनात. मग माझा उचलला, उलटापालटा केला आणि मजबूत आहे म्हणाले. मुलगी बघायला आलेल्यांनी तिच्याकडे न बघता 'स्वयंपाक येतो ना' विचारावं, तशातली गत. वर आणखी म्हणाले, जरा जुन्या फोनसारखं वाटतं. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या.

घरी तर बघायलाच नको. सासूबाईंनी तिच्या मशीनला कुंकू लावलं आणि शेजारणींना बोलावून दाखवलं, धाकटीनं कॉम्प्युटर काढलाय म्हणून. माझ्या नेटवर्कच्या खोक्याला आजवर कुणी कुंकू सोडा, फडकं लावलं नव्हतं. मी मोरीत भांडी आपटत होते. नवऱ्याने येऊन विचारलं काय झालं, मी म्हटलं कुठे काय, आणि तो शहाणा माणूस अंगणात निघून गेला.

आमच्या कंपनीत एक रीत आहे. मशीन पाडून बघायचं असतं, पण ज्याने केलं त्याने ते पाडायचं नाही. आपलं असलं की हात आपोआप हळू सुटतो. म्हणजे धाकटीचं मशीन मी पाडायचं. मी पाडलं बाई, अगदी जीव ओतून पाडलं. कोपऱ्यावर, काचेवर, पाठीवर. फुटलं नाही. तडा म्हणून नाही. मग तिने माझं पाडलं. तेही फुटलं नाही आणि तिला इतका आनंद झाला की तिने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझं डोकंच फिरलं.

आता एकच चाचणी उरली होती. प्लास्टिक ओतायचा साचा पोलादात कापतात, आणि एकदा कापला की बदलत नाही. म्हणून कापण्याआधी एकदा खऱ्या गर्दीत मशीन वापरून बघायचं. साहेबांनी जवळच्या म्हसा गावची जत्रा निवडली आणि मशीन निवडलं धाकटीचं. तिथे ते चाललं की पोलाद तिचं आणि मला परत खांब.

थंडीच्या दिवसांत म्हशाला जत्रा भरते. ब्लँकेटांची दुकानं, पाळणे, धुरळा, आणि एका अंगाला बैलांचा बाजार. साहेब गाडीने आले, आम्ही दोघी स्कूटरवर. जत्रेत पावत्या फाडायला एक चांगले पोक्त कारकून होते, त्यांना मशीन शिकवायला वेळ लागला नाही. सकाळभर दुकानांच्या पावत्या झाल्या. झरझर. लोक वाकून वाकून बघत होते, एकाने तर मशीनचा फोटो काढला. साहेब हसत होते. मी उसाचा रस घेतला, तर तोही कडू लागला.

दुपारी आम्ही बैलबाजारात गेलो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा एकमेकांचे हात धरतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटांनी भाव ठरतो. किती बोटं, कुठलं पेर, यात सगळा हिशोब. आजूबाजूच्या कुणाला कळता कामा नये, कारण पुढचं गिऱ्हाईक बाजूलाच उभं असतं. कारकुनांनाही ती बोली येत होती. आजवर तेही टॉवेलाखाली हात घालून किंमत समजून घ्यायचे आणि पुस्तक छातीशी धरून लिहायचे. हे मला माहीत नव्हतं. धाकटीलाही नव्हतं.

पहिला सौदा एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा झाला. कारकुनांनी टॉवेलाखाली हात घालून भाव घेतला आणि मशीनवर टाकला. झालं. ती सुंदर, लखलखीत काच! आकडा असा उजळला की चार बैल पलीकडच्या माणसालाही वाचता आला. बाजूचं गिऱ्हाईक लगेच म्हणालं, मंग मला पन त्याच भावात दे. म्हातारा धाकटीवर भडकला.

"माझा भाव साऱ्या जत्रंला दाखवतेस काय पोरी? आमी काय येडे हाव?"

असं म्हणून त्याने टॉवेल कारकुनांच्या हातावर मशीनसकट टाकला. आता आत टाका म्हणाला. कारकुनांनी टॉवेलाखाली चाचपडत काच दाबली. गुळगुळीत काच, कुठे तीन आणि कुठे सहा ते बोटाला कसं कळणार? तळहात टेकला की तिसराच आकडा. पावती निघाली ती भलत्याच किमतीची. फाडली. परत दाबलं, परत चुकलं. मागे रांग लागली, बैल हंबरायला लागले, साहेबांचं हसू मावळलं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोटातून आनंद झाला. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मी तो बघत होते. मग ती माझ्याकडे वळली.

"ताई, आता काय करायचं?"

माझं मशीन माझ्या पिशवीत होतं. का होतं, तर वेळप्रसंगी असावं म्हणून, असं मी सकाळी स्वतःला सांगितलं होतं. दुसऱ्याच्या पोराच्या बारशाला आपलं पोर नटवून न्यावं, तसं मी ते नेलं होतं. पण मी लगेच काढलं नाही. रांग आणखी थोडी वाढू दिली. साहेबांनी दोनदा घाम पुसला, मग काढलं.

कारकुनांना पाचवरचा उंचवटा दाखवला. ते म्हाताऱ्याला समजावत होते तोवर त्यानेच मशीन ओढून घेतलं आणि टॉवेलाखाली नेलं. नजर बैलाच्या शिंगांकडे, जसं काही आपल्याला मशीनशी देणंघेणं नाही. टॉवेल जरा हलला. खालच्या कडेने पावती बाहेर आली. म्हाताऱ्याने ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली, घडी केली आणि बंडीच्या आतल्या खिशात घातली. बरोबर होती.

मग उन्हं उतरेपर्यंत माझं मशीन एका टॉवेलातून दुसऱ्या टॉवेलात फिरलं. आणि मला काय दिसत होतं? टॉवेल. चौकडीचे, पट्ट्यांचे, मळके. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो क्षण आला, माझी वस्तू माणसांच्या हातात होती, आणि कुणाचा हात मला दिसत नव्हता. माझं नशीबच असं बेरकी.

निघताना तो म्हातारा परत आला. सकाळपासून पुढे पुढे धाकटीच होती, म्हणून तो तिलाच म्हणाला, पोरी, मशीन बेस केलंस, आंधळ्यालाही चालल. साहेब बाजूलाच उभे होते. ती नुसती हसली असती तरी भागलं असतं. मी रिकाम्या पिशवीची चेन लावत उभी राहिले.

"माझं नाय ते, बाबा. माझं तिकडं पावतीच्या टेबलावर पडलंय. हे आमच्या ताईंचं."

तिने माझा दंड धरून मला पुढे केलं. म्हाताऱ्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, मंग तू गप का हुबी?

साहेबांनी तिथेच सांगून टाकलं की साचा माझ्या मशीनचा कापायचा. जे मागितलं ते मिळालं. स्कूटर चालू केली तेव्हा मी हवेत असायला हवं होतं, आणि मी धाकटीवर जळतच होते. सकाळी तिच्या काचेवर जळत होते, आता तिच्या त्या तीन वाक्यांवर. एवढं सोपं कसं होतं तिला? अशी माणसं घडतात कशी, आणि ती नेमकी माझ्याच घरात का येतात?

ती मागे बसून नेहमीसारखी बोलत होती. बटणांचं रबर कुठलं घेतलं, छज्ज्याचा कोन कसा काढला, मला पण शिकवा. रस्ता मोकळा होता, सरळगाव मागे पडलं होतं.

"माझं चाललं असतं आणि लोकांनी तुमाला बेस म्हटलं असतं ना, ताई," ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "तर तुमी पन माझं नाव सांगितलंच असतं."

समोर कुणी नव्हतं, तरी मी हॉर्न वाजवला.