अरियलूरचे चपटे अमोनाइट

वसुधानं तिचा कॅलिपर, शंख मोजायचा चिमटा, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "रघू, तू जा. तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे." मी तिथंच गडबडलो. दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून जिऑलॉजी सोडलेल्या माणसावर भरवसा! ती तापानं झोपून होती, प्रबंध आठवड्यानं द्यायचा होता. मी हो म्हणालो.

काम सांगायला सोपं. अमोनाइट म्हणजे दगड झालेले समुद्री शंख, मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले. वसूच्या मते अरियलूरच्या घळींत त्यांच्या दोन जाती होत्या: एक फुगीर, मधला खळगा खोल, दुसरी चपटी, खळगा उथळ. कंगोरे दोन्हींचे सारखेच. चपटे तिच्याकडे दोनच होते, अजून हवे होते.

बेंगळूरहून सकाळच्या बसनं सेलमवरून त्रिचीला पोचेतो संध्याकाळ होते. स्टँडजवळ स्वस्त लॉज आहेत, चादर आपली न्या. दुसऱ्या दिवशी अरियलूरची बस, पुढं पायी. पाणी भरपूर घ्या, त्या पांढऱ्या घळींत सावली नाही. दुपारपर्यंत सगळे फुगीरच. रिकाम्या हातानं तिच्यासमोर उभा कसा राहू? उन्हं कलताना मातकट थरात सात चपटे मिळाले आणि मी असा ओरडलो की शेळ्या राखणारी बाई काठी घेऊन उठलीच.

परतताना होसूरला कंडक्टरनं माझी पिशवी पायानं ढकलली. "एनप्पा, कल्लु का?"

"हो, दगडच! पाय काढ!" मी त्याच्या अंगावर गेलो. मग पिशवी उघडली. एक शंख फुटला होता. आतलं वेटोळं गुबगुबीत, खळगा खोल. बाहेरचं तेवढं दबलेलं, बारीक तड्यांनी भरलेलं. उरलेले सहा काढले. सगळ्यांना तेच तडे. ही दुसरी जात नव्हतीच. गाळाच्या ओझ्याखाली चेपलेले फुगीरच होते ते.

होसूरपासून बसवनगुडीला तिच्या घरी पोचेपर्यंत तेच डोक्यात. सांगितलं तर तिचा प्रबंध मोडतो. नाही सांगितलं तर परीक्षक सगळ्यांसमोर मोडतील.

तिच्या वडिलांनी, अण्णांनी, दार उघडलं. "या शाळिग्रामवाले! स्वल्प हळू बोला, आत्ताच पेज घेतलीय तिनं." ती शाल गुंडाळून टेबलाशी बसली होती.

"सापडले?"

मी फुटका शंख पुढं केला आणि सगळं सांगून टाकलं.

"तुझं काय जातंय? सोडून मोकळा झालास तू. मी काय करू?"

एरवी मी आवाज चढवला असता. या वेळी भिंग तिच्यापुढं सरकवलं. तिनं भिंग घेतलं, स्वतःचे दोन चपटे बराच वेळ फिरवून पाहिले. त्यांनाही तडे होते.

"मला कसं दिसलं नाही रे?" आवाज अगदी बारीक. मग कोरा कागद ओढला. "सरी, ठीक आहे. एकच जात. आता जा, मला पहिल्यापासून लिहायचंय."

ती मला आवडते, हेही तिला सांगायचं बसमध्ये ठरवलं होतं. ती लिहायला लागली होती. कॅलिपर तिच्या कोपराशी ठेवला, बाहेर आलो आणि आवाज होऊ न देता दार लावलं.