निळ्या टोकाचे चार रॉड

अमेरिका आणि चीनचं बिनसलं तेव्हा सातपूरच्या आमच्या गाळ्यात पेढे वाटले गेले. थट्टा नाही, खरोखरचे पेढे, पुठ्ठ्याच्या खोक्यातले. शेठ स्वतः प्रत्येकाच्या हातावर ठेवत होते आणि म्हणत होते, "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ!" पेढा मीही खाल्ला. त्या दोघांचं भांडण कशावरून आहे हे तेव्हा मला टीव्हीवर दिसायचं तेवढंच माहीत होतं: एकमेकांच्या मालावर कर लावायचे, एकमेकांच्या समुद्रात जहाजं फिरवायची, आणि रोज नवी धमकी द्यायची.

आमच्यापर्यंत ते भांडण एका पिनेच्या रूपात आलं. करंगळीएवढी पोलादी पिन. ती आधी चीनमध्ये बनून अमेरिकेला जायची. आता अमेरिकेला चीनचं पोलाद नको होतं. ती पिन त्यांच्या लष्कराच्या गाड्यांत बसते असं शेठ म्हणायचे. खरं काय ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. पुण्याच्या एका निर्यातदारामार्फत ऑर्डर आमच्याकडे आली आणि अकरा माणसांच्या, चार लेथच्या त्या गाळ्याला दुसरी पाळी सुरू करावी लागली. चहाच्या सुट्टीत सगळेच परराष्ट्र खात्यातले अधिकारी असल्यासारखे बोलायला लागले.

प्रत्येक लॉटबरोबर एक फॉर्म जायचा. त्यात चौथी ओळ होती: या मालातलं पोलाद चीनमध्ये तयार झालेलं नाही. खाली सही तपासनिसाची, म्हणजे माझी. बावीस वर्षं मी माप तपासते. माझ्या मायक्रोमीटरला जे पटत नाही त्यावर माझी सही होत नाही, असा माझा तोरा होता आणि तो गाळ्यांच्या साऱ्या लेनला ठाऊक होता.

त्या तोऱ्याला एक भोक होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

नवा रॉड लेथवर चढवण्याआधी मी त्याचं टोक बघायचे. आमच्या पास झालेल्या रॉडच्या टोकाला पिवळा रंग असायचा. पिवळं टोक बघितलं, शीटवर नोंद केली, सही केली, की मगच काम सुरू. पण मला लवकर निघायचं असलं, की मी दोन-चार कोऱ्या शीटवर आधीच सह्या करून लेथवाल्यांकडे ठेवून जायचे. नोंद ते मागाहून भरायचे. सगळीकडे असंच चालतं. निदान मी मनाला तसं सांगत होते.

त्या शनिवारी नाशिक रोडला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. मी दुपारीच निघाले. निघताना डावीकडच्या लेथवरच्या दादांकडे कोरी शीट दिली. दादा दिंडोरीकडचे, गाळ्यातले सगळ्यात जुने टर्नर. मी डिप्लोमा घेऊन आले तेव्हा मला पुस्तकातलं सगळं येत होतं आणि मशीनमधलं काहीच येत नव्हतं. हत्याराची धार गेली हे माझ्या मापाआधी त्यांच्या कानाला कळायचं. "ताई, आवाज ऐका, आकडा मागून येतो," हे त्यांनीच मला शिकवलं.

"जा बिनघोर," ते म्हणाले. "नवरीला आमचा बी आशीर्वाद सांगा."

मंगळवारी सकाळी भंगारवाला येणार होता. भंगार जाण्याआधी पिपात एकदा नजर टाकायची माझी खोड आहे. रॉड कापत कापत शेवटी वीतभर तुकडा उरतो, त्यावर टोकाचा रंग तसाच राहतो. पिपात पिवळे तुकडे होते. आणि त्यांच्यात चार निळे.

निळा रंग आमच्याकडे नव्हताच. निळा रंग समोरच्या गाळ्याचा. समोरचे मालक पोलाद चीनचं आणायचे आणि ते काही लपवायचे नाहीत.

मी एक तुकडा उचलला आणि सरळ दादांच्या लेथपाशी गेले. मशीन चालू होतं, मी हातानेच खूण केली. त्यांनी बंद केलं.

"दादा, हे काय आहे?"

"समोरून आनले चार रॉड," ते सहज म्हणाले. "शनिवारी आपले आलेच नाय ना. गाडी द्वारका सर्कलला अडकून पडली म्हने. मशीन बसवून ठेवायचं का मंग? आपले आले की परत देऊ."

यात त्यांचं काय चुकलं? आमच्या लेनमध्ये हे रोजचंच होतं. समोरचा आमचा गेज न्यायचा, आम्ही त्याची हत्यारं आणायचो, रॉड तर साखरेसारखा वाटीवाटीनं इकडून तिकडे जायचा. पोलादाची जात तीच, कडकपणा तोच. पोलादाला देश असतो हे दादांना कुणी सांगितलंच नव्हतं. फॉर्म इंग्रजीत होता आणि तो माझ्या टेबलावर होता.

"पिना कुठायत त्या?"

त्यांनी ट्रेकडे बोट दाखवलं. सगळ्या लॉटबरोबर धुऊन, तेल लावून, मिसळून ठेवलेल्या. एक पिन दुसरीसारखी. बघून ओळखायची तर देवालाही जमलं नसतं. गुरुवारी दुपारी लॉट जायचा होता, आणि निर्यातदाराचा माणूस कागद न्यायला येणार होता.

मी फाईल उघडली. शनिवारच्या डाव्या लेथचं शीट त्यात नव्हतं. मी पुन्हा पाहिलं, नव्हतं. आणि खरं सांगते, माझ्या मनात आधी जे आलं ते भय नव्हतं, सुटल्याचा आनंद होता. शीट नाही म्हणजे माझी सही नाही. मी फाईल मिटली आणि शोधलं नाही.

मग शेठकडे गेले. निळा तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे दादांचं सगळं.

शेठनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, माप?"

"बरोबर."

"कडकपणा?"

"बरोबर."

"मग पिनेवर काय चीन लिहिलंय का? झाकली मूठ सव्वा लाखाची. करा सही."

"मी करणार नाही."

"अकरा घरं आहेत मॅडम या पिनेवर."

"अकरातलं एक माझं आहे. तरी नाही."

बुधवारी दिवसभर त्यांनी तीनदा फॉर्म माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि मी तीनदा तो त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. चहा आला तसाच निवत होता. मला वाटत होतं, मी खरेपणासाठी लढतेय. आणि त्याच वेळी, कुणी शीटचं नाव काढलं, की कान टवकारत होते.

गुरुवारी सकाळी शेठ थकले. त्यांनी निर्यातदाराला फोन करून स्वतःच सांगितलं. पलीकडून जे ऐकून घ्यावं लागलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अख्खा लॉट भंगारात गेला. ऑर्डर वाचली, पण अर्धी झाली. आणि एक खुलासा मागवला: चूक का झाली, कुणामुळे झाली, काय उपाय केला.

इंग्रजीत लिहिणारी गाळ्यात मीच. शेठ बोलत गेले आणि मी टाइप करत गेले. "कारण: कामगाराने तपासनिसाला न कळवता परका माल वापरला." न कळवता. माझी बोटं तिथे थांबली. शनिवारी दुपारी मी गाळ्यात नव्हते, शीट आधीच सही करून दिलं होतं, हे सांगायची ती वेळ होती. शेठ म्हणाले, "पुढे?" आणि मी पुढे टाइप केलं. "उपाय: संबंधित कामगारास कामावरून कमी केले."

दादांना बोलावलं तेव्हा ते दारातच उभे राहिले. शेठ म्हणाले, "मॅडमना माहीत होतं?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्यांना कसं माहीत आसनार? त्या तर गेल्या व्हत्या. मीच चढवले."

पंचवीस वर्षांचं काम, आणि त्यांनी जाताना फक्त हत्यारांची पेटी घेतली. पेटी त्यांची स्वतःची होती.

लांब गेले असते तर बरं झालं असतं. समोरच्या मालकांनी त्यांना दुसऱ्याच दिवशी ठेवून घेतलं. वीस फुटांचा रस्ता मध्ये. माझ्या टेबलावरून समोरचं शटर दिसतं, शटरच्या आत त्यांची पाठ दिसते. शेठनी फर्मान काढलं: समोरून काही आणायचं नाही, समोरच्याला काही द्यायचं नाही. घेतलेले चार रॉडही त्यांनी परत केले नाहीत. समोरच्यांनीही मग आमचा गेज अडवून ठेवला. एका लेनमध्ये इतकी वर्षं नांदलेली माणसं एकमेकांच्या शटरकडे पाठ करून चहा प्यायला लागली. दादांच्या लेथच्या जागी शेठनी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन घेतलं. त्याचा आवाज मला अजून ऐकता येत नाही.

मी प्रत्येक लॉटचा फॉर्म भरत होते, चौथ्या ओळीखाली सही करत होते. खरेपणानं.

आणि एका सोमवारी टीव्हीवर दोघे नेते हसत हात मिळवताना दिसले. तात्पुरता समझोता म्हणे. थोडे कर तुम्ही उतरवा, थोडे आम्ही उतरवतो. जगाला आनंद झाला. मला राग आला. मोठ्यांचं काय, भांडायचं आणि पुन्हा गळ्यात गळा घालायचा! सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्याची राख कोण बघतंय? काही आठवड्यांनी निर्यातदाराकडून नवा फॉर्म आला. पाच ओळींचा. चौथी ओळ काढून टाकली होती.

मी सही केली. मग ड्रॉवरमधून तो निळा तुकडा काढला, शेठच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडला आणि समोरच्या गाळ्यात गेले.

दादांनी लेथ बंद केलं. चिंधीनं हात पुसले. माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं.

"दादा, ती चीनची ओळ काढली त्यांनी. फॉर्मवरनं."

"बरं." त्यांनी चिंधी खुंटीला अडकवली. "मंग परत चला म्हनायला आलात, का नुसतं सांगायला?"

परत बोलावणं माझ्या हातात नव्हतं. त्यांच्या जागी मशीन उभं होतं आणि मी ते शेठना कधी विचारलंही नव्हतं.

"सांगायला," मी म्हणाले. "आणि त्या शनिवारचं, शीटचं..."

"थांबा."

त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. सगळ्यात खालच्या खणातून चार घड्यांचा, तेलानं पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्या हातावर ठेवला. त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, समोरून ४ रॉड, निळे टोक. तारीख होती, वेळ होती. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं.

"फाईलीत लावायचा ऱ्हायलाच व्हता. मागून लावला आसता तर शेठच्या हाती लागला आसता," ते म्हणाले. "घरी ठेवला आसता तर पोरांनी फेकला आसता. तुमचा हाय, घेऊन जा."

त्यांनी लेथ चालू केलं. मी रस्त्यात उभी राहून कागद पुन्हा उघडला. त्या ओळीखाली माझी सही होती, ठळक, एका दमात केलेली.