तीन डबे भात

दिवाळीनंतर नवं भात गिरणीतून भरडून आणलं, सुनेनं पहिला भात शिजवला, मी ताटावर बसलो, आणि भाताला वास नाही.

आमचं भात आंबेमोहर. दुकानातलं नव्हे. माझ्या आईनं आंदर मावळातल्या माहेराहून पदरात बांधून आणलेलं बी, आणि तेव्हापासून दरसाल ते आमच्याच खाचरात. गावात आता दुसऱ्या कुणाकडं ते राहिलेलं नाही. सगळ्यांनी इंद्रायणी धरली, ती जास्त पिकते म्हणून. पण आमचा भात रटरटायला लागला की रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवून घराकडं बघायचा. आणि त्या बियाची निवड माझी. भात फुलोऱ्यात आलं की सकाळी दवात खाचरात उतरायचं, ज्या ठोंबाचा संशय येईल त्याचं पान बोटात चुरगळायचं, नाकाला लावायचं. वास नाही तर ती भेसळ, उपटून बांधावर. माझी शाळा चौथीत सुटली, पण ह्या कामात मी कधी कुणाला विचारलं नाही. लोक मला विचारायला यायचे.

"वास कुठाय?" मी सुनेला म्हणालो.

"येतोय की, आबा."

"कुठं?"

"घरभर सुटलाय."

हे तिनं भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता सांगितलं. गिरणीत तीच गेली होती. गिरणीत आधी कुणाची तरी इंद्रायणी भरडली असणार, तिच्यात आपलं मिसळलं असणार, आणि ही आता झाकतेय, असं माझ्या मनानं तिथंच घेतलं. भात तसाच ताटात ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी कणगीतलं बियाचं भात मूठभर काढलं, स्वतः उखळात सडलं, परसात तीन दगडांवर टोप ठेवून स्वतः शिजवलं. वाफ तोंडावर घेतली. गरम पाण्याची वाफ, दुसरं काही नाही. म्हणजे गिरणी नाही. बीच बदललं होतं.

मुलगा नवलाख उंबऱ्याच्या बाजूला कंपनीत जातो. तो पाळीवरून आल्यावर त्याला सांगितलं. त्यानं टोपातला भात चिमटीनं तोंडात टाकला.

"चांगला तर हाय. वास बी हाय."

"नाहीये."

"मग नसंल, आबा." त्यानं हात पुसले. "तुमीच म्हनताय तर नसंल. मग त्याला कशाला धरून बसायचं? औंदा समदी इंद्रायणी करू. कणगीतलं भरडून खाऊन टाकू. अक्षय्य तृतीयेपर्यंत काय ते सांगा, मला इंद्रायणीचं बी आनाया लागंल."

आता हे बघा. आधी म्हणाला वास आहे, आणि मी नाही म्हटल्याबरोबर नाही म्हणाला. त्याला इंद्रायणी हवी हे मला किती वर्षं माहीत आहे. मी एकदा तोंडानं 'बी संपलं' म्हटलं की आईचं बी गिरणीत जाणार, आणि एकदा गेलं की ते परत कुठून आणायचं? तेव्हा 'संपलं' म्हणायच्या आधी खात्री करायची ठरवली. खात्री म्हणजे विचारणं. ते मला नवीन होतं.

तळेगावात बियाणांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दाणे तळहातावर घेतले, वासही घेतला नाही.

"आजोबा, घरचं बियाणं इतकी वर्षं वापरल्यावर म्हातारं होणारच. हे नवीन बघा. सुगंधाची गॅरंटी."

त्याच्या मागं पिशव्यांची रास होती. मी दाणे त्याच्या हातावरून मोजून परत घेतले.

पोस्टात भेटलेल्या एका ओळखीच्या माणसानं मला एमआयडीसीचा धूर सांगितला. आमच्या भावकीतल्या एकानं करणी सांगितली आणि करणी काढणारा त्याचा मेहुणाच निघाला. लोकांना विचारायला गेलं की ते आपल्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, आपल्या घरचं काहीतरी आपल्या गळ्यात घालतात. आणि सुनेची बाजू घेणारे घरचे-शेजारचे सगळे एकच म्हणत होते, वास येतोय की. एवढं सगळ्यांचं एक कसं होतं? ठरवल्याशिवाय होत नाही.

मग मी तीन डबे केले. स्टीलचे, सारखेच, झाकणाचे. एकात रेशनच्या तांदळाचा भात, एकात इंद्रायणीचा, एकात आमचा. झाकणाच्या आतल्या बाजूला कोळशानं एक, दोन, तीन रेघा ओढल्या. पिशवीत घातले आणि लोणावळ्याची गाडी धरली. खंडाळ्याला माझा एक जुना मित्र राहतो, रेल्वेतून रिटायर झालेला. घाटातल्या इंजिनांवर आयुष्य काढलं, नुसत्या आवाजावरून कुठलं इंजिन चढतंय ते सांगायचा. त्याला माझ्या शेताशी घेणं नाही, सुनेशी ओळख नाही.

गाडीत शेजारी एक बाई बसली होती, डोक्याला स्कार्फ. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा, काय आणलंय हो? वास काय सुंदर येतोय."

"औषध हाय," मी म्हणालो आणि पिशवी पायाच्या पलीकडं ठेवली. लोकांना दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे त्याची फार चौकशी.

मित्राला त्याच्या ओट्यावर बसवलं. डोळ्याला माझाच पंचा बांधला.

"काय लगीन लावतोस का काय माझं?" तो म्हणाला.

"गप बस. वास घे आणि सांग."

पहिला डबा उघडला. "रेशन." दुसरा. "हा बरा आहे. इंद्रायणी." तिसरं झाकण नुसतं सैल केलं तर तो हसला. "हा तुझा. अरे, झाकण निघायच्या आधीच आला."

मी डबे मागंपुढं केले. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा एकच डबा दोनदा धरला, तेही त्यानं ओळखलं.

कुणालाही हे पटलं असतं. मला पटलं नाही. हा माणूस आवाजावरून इंजिन ओळखायचा, तर माझ्या हातावरून डबा ओळखणार नाही? माझा स्वतःचा डबा मी जरा जपून धरत असणार. तसं त्याला बोलून दाखवलं.

त्यानं पंचा काढला आणि माझ्यापुढं धरला. "बरं. आता तू बस. मी डबे धरतो."

"मला कशाला?"

"बस तर खरं. डोळे बांधतो."

"मी इथं परीक्षा द्यायला आलो नाही," मी म्हणालो. डबे पिशवीत घातले. चहा ठेवला होता तोही घेतला नाही. तो फाटकापर्यंत मागं आला, "अरे रागावतोस काय, ऐक तरी," म्हणत. मी वळून बघितलं नाही.

घरी आल्यावर परसात, कुणी नाही बघून, डोळे मिटून मी डबे स्वतःच मागंपुढं केले. एक उघडला. दुसरा. तिसरा. तिन्ही सारखे. भात थंड झाला म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं आणि तिन्ही डबे कोंबड्यांपुढं ओतले. पण ती गोष्ट मनातून जाईना. दसऱ्याच्या सुमाराला मला चार दिवस ताप येऊन गेला होता, नाक गच्च झालं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

आता अशा माणसाला विचारायला हवं होतं, ज्याला मला खूष करायचं नाही, मला काही विकायचं नाही, आणि माझी कीव तर मुळीच करायची नाही. तसं माणूस गावात एकच होतं. माझी थोरली वहिनी.

थोरला भाऊ गेल्यापासून तिचं खाचर तिची मुलं बघतात. आमच्या दोघांच्या मधला बांध त्यांनी हातभर कोरला, असं माझं म्हणणं. मी कोरला असं त्यांचं. त्यावरून अकरा वर्षं माझं आणि तिचं बोलणं नव्हतं. घरं मात्र एकाच आळीत, भिंतीला भिंत. लग्नकार्यात ती एका बाजूनं आत गेली की मी दुसऱ्या बाजूनं बाहेर यायचो. ती खोटं बोलली तर माझ्या वाईटावरच बोलेल, म्हणजे ती 'वास नाही' म्हणाली तर ते धरायचं नाही. पण 'आहे' म्हणाली तर ते खरं. असा मी हिशेब मांडला आणि ताजा भात करून एकच डबा घेऊन गेलो.

ती दारात लसूण सोलत बसली होती. मी समोर उभा राहिलो. तिनं मान वर केली नाही.

"सूनबाई," तिनं आत हाक मारली, "बघ गं, पाऊस बिऊस आलाय का. आज कोन उगवलंय आपल्या दारात."

मी डबा तिच्यापुढं ठेवला. "वास हाय का ह्याला? एवढंच सांगा."

तिनं झाकण काढलं. लसणाचा हात पदराला पुसला. वाकली, आणि बराच वेळ तशीच राहिली.

"सासूबायंचं बी," ती म्हणाली. "हाय की. चांगला सुटलाय."

"मला येत न्हाई."

"तुमाला कसा येईल, भावजी? भाताला वास हाय. नाक तुमचं गेलंय."

"कोन म्हनलं?"

"म्हनायला कशाला पायजे? संक्रातीला तुमच्या पेंढ्याच्या गंजीखाली घूस मरून पडली व्हती. समद्या आळीनं पदर नाकाला लावलेला. आन् तुमी गंजीला टेकून बसलाव, भाकर खाताय, चवीनं. माझी नातवंडं खिडकीतून बघत व्हती."

"मग सांगायचं न्हाई कुनी?"

"तुमाला? तुमाला सांगनार कोन?" तिनं झाकण लावलं. "तुमच्या सुनेनं घूस काढून पुरली, गुपचूप. सांगितलं आसतं तर तुमी तिच्यावरच धावून आला आसता."

मी डबा उचलला. गंजीखालची घूस मला माहीतच नव्हती. निघालो तशी ती मागून म्हणाली, "भावजी, दोन मुठी बी द्या. आमचं कवाच गेलं. पोरांनी इंद्रायणी घातली. परसात वाफाभर लावीन."

लागलं मला. म्हणजे हिचंही काहीतरी होतंच! बी हवं म्हणून वास आहे म्हणाली. घरी येईपर्यंत मी हेच चघळत होतो. मग दारात आल्यावर थांबलो. वास नसलेलं बी कुणी मागतं का? अकरा वर्षं तोंड न दाखवलेल्या दिराकडं? वास नसता तर ती हसली असती आणि मला हात हलवत परत पाठवलं असतं. तिला हवं होतं, म्हणूनच मला पटलं. एवढ्या जणांच्या मतांतलं एकच मत मी मानलं, आणि ते मागणाऱ्याचं.

दोन मुठी बी मीच नेऊन दिलं. सुनेच्या हाती पाठवलं नाही.

मुलाला अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सांगितलं, "खालचं खाचर आईच्या बियाचं. बाकी तुझं तू बघ."

"पर वास..."

"वास हाय."

तो सुनेकडं बघायला लागला. ती तव्याकडं बघत होती. मी तिला म्हणालो, "ते घुशीचं मला कळलं." तिच्या हातातलं उलथनं थांबलं. एवढंच बोललो. तिनं त्या दिवशी मला भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा घातला, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

खरी अडचण भाद्रपदाच्या शेवटी आली. भात फुललं. सकाळी मी खाचरात उतरलो, एक पान चुरगळलं, नाकाशी नेलं. काही नाही. उंच वाढलेली, कुसळाची भेसळ डोळ्यांना दिसते, ती काढली. पण सारख्या उंचीची, सारख्या रंगाची भेसळ नाकाशिवाय निघत नाही. ती राहिली तर दोन-तीन सालांत बी आपोआप बुडतं, कुणी गिरणीत घालायची गरज राहत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी बांधावर उभी होती. त्याच बांधावर. मी बोलावलं नव्हतं असं नाही. सुनेला म्हणालो होतो, जाता जाता सांग. मी पान तोडायचो, चुरगळून तिच्या हातात द्यायचो. ती वास घ्यायची.

"ऱ्हाऊ द्या." "ऱ्हाऊ द्या." "हे काढा."

"नक्की?"

"मग तुमीच घ्या वास," ती म्हणायची.

मी उपटत गेलो. पण एक ठोंब तिनं काढ म्हटलेला मला चांगला वाटला. लोंब्या भरदार, ताठ. मनात आलं, ही माझं चांगलं बी उपटून टाकतेय, अकरा वर्षांचं फेडतेय. तिची पाठ वळल्यावर त्याला सुतळीचा तुकडा बांधला आणि तसाच ठेवला.

कापणीला तेवढा ठोंब वेगळा कापला. ओसरीवर बसून दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली. तांदूळ तांबडा. जाडा, तांबडा, एकूण एक दाणा. त्याला वास घ्यायची गरज नव्हती. मी ते दाणे कोंबड्यांना टाकले आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर नव्या भाताचा डबा तिच्याकडं नेला. तिनं झाकण काढलं, वाकली, मान हलवली. मी उठायला लागलो.

"भावजी," ती म्हणाली, "त्या सुतळीच्या ठोंबाचं काय निघालं?"

मी चप्पल पायात घालत होतो.

"तांबडं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि डब्यातला भात ताटात काढून घेतला.