सुरातलं रडणं

दिग्रसच्या बसस्टँडवर मी पुसदच्या गाडीची वाट पाहत होतो. समोर आरसे जडवलेल्या घागऱ्यातली एक बंजारा म्हातारी खाकी वर्दीतल्या पोरीच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडत होती.

माझ्या शेजारचा म्हणाला, "हिच्या पोराले पकडलं असन. ह्या लोकाइचं असंच राह्यते."

म्हातारीनं ऐकलं. हातभर बांगड्या वाजवत ती वळली.

"कोनाले नाही पकडलं. नात हाय माही! फौजदार होऊन पहिल्यांदा घरी येऊन राह्यली. आपलं मानूस भेटलं का आमच्यात असंच सुरात रडतेत."

पुन्हा तिनं गळा काढला. आता टोपी काखेत मारून फौजदारीणही आजीच्या सुरात रडू लागली.

इतकं थाटात रडणं मी आजवर पाहिलं नव्हतं. शेजारी मात्र रिकाम्या फलाटाकडं बघत राहिला.