कोपऱ्यातलं ताट

शुक्रवार, ९ फेब्रुवारी २०२४. सकाळी दव. काल अ‍ॅसिडने धुतलेली गॅरेजची जमीन आज पांढरी दिसते, म्हणजे वाळली. तेलाचे तीन डाग गेले, चौथा फिका झाला. दुपारी तांदळाची भाकरी आणि वाल. जाताना भिकीने जेवायची स्टीलची चार ताटं मागून घेतली.

ताटं कशाला, हे विजयमालाबाईंनी लिहिलं नाही, कारण ते त्यांना कळलंच नव्हतं. शाळेत सिस्टरांनी रोजनिशीची सवय लावली, तेव्हापासून त्यांचा एक नियम होता: पाहिलं तेवढंच लिहायचं. आणि पाहिलं होतं ते एवढंच, की भिकीने चार कोपऱ्यांत चार ताटं पालथी घातली, प्रत्येकावर दगड ठेवला आणि "सकाळपर्यंत हलवू नका, बाय," असं बजावून ती रानशेतला निघून गेली.

भिकी रानशेतची. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून तिच्या डोक्यावर घमेलं होतं. पुढे तलासरीकडच्या कारखान्यांच्या शेडमध्ये जमिनी रंगवायचं काम निघालं, तेव्हा घासायला बायका आणि रंगवायला पुरुष अशी वाटणी होती. सात वर्षं भिकी हातात खराटा धरून पुरुषांचं काम बघत राहिली. काय बघितलं ते कुणाला सांगितलं नाही. यंदा मात्र मुकादमाला सोडून तिने स्वतःच्या नावावर पहिलं काम घेतलं, ते विजयमालाबाईंच्या गॅरेजची जमीन रंगवायचं.

गॅरेजात आता गाडी नव्हती. यजमान अमृतराव गेल्यावर ती उभीच राहिली आणि गेल्या वर्षी विकली. त्या जागेत सून नूतन शिवणाचा वर्ग काढणार होती. सोमवारी मशीनं येणार होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट कुंपणापलीकडे होती. शेजारच्या जतीनने चिकू भरायची नवी शेड बांधली होती आणि तो म्हणाला होता, "काकी, सारवणवालीला रंगाचं काम दिलंत? बरं, बघू. तुमची जमीन टिकली तर माझी शेड तिलाच." भिकीने ते ऐकलं होतं. शेड मिळाली तर ती रंगारी, नाहीतर पुन्हा घमेलं.

शनिवारी सकाळी विजयमालाबाई चहाचा कप घेऊन गॅरेजात गेल्या, तेव्हा भिकी एकेक ताट उचलत होती. पहिलं कोरडं. दुसरं, तिसरं कोरडं. उत्तरेच्या कोपऱ्यातलं चौथं उलटं केलं तर आत थेंबच थेंब, भातावरच्या झाकणाला आतून असतात तसे.

"तिथलं पाणी नीट निपटलं नसशील," बाई म्हणाल्या.

भिकी उकिडवी बसली, ओल्या जमिनीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"अगं, अ‍ॅसिड मारलंय तिथे!"

"अ‍ॅसिड आंबट लागतं, बाय. हे खारं हाय."

"अ‍ॅसिड चाखलंयस कधी?"

"एकदा. म्हणून तर ठावं."

तेवढ्यात कुंपणावरून जतीन डोकावला. "काय गं, पंगत मांडलीस? कोण येणारेय जेवायला?"

"या कोपऱ्यात ओल हाय, शेठ. आज रंग लावायचा नाय."

"परवा मशीनं येतायत. दोन हात मार आणि मोकळी हो."

"मारीन की. पावसाळ्यात पापुद्रे निघाले, की तुम्हीच म्हणाल, बाईचं काम."

"मग शेडला दुसरा माणूस बघू?"

भिकीने पदराने बोट पुसलं. "बघा. पण त्यालाही सांगा, आधी ताटं घाल म्हणून."

जतीन गेला. भिकीचा चेहरा उतरला होता, पण रंगाच्या डब्याला तिने हात लावला नाही.

विजयमालाबाईंना आता दुसरं काही सुचेना. पाऊस नाही, नळ नाही. समुद्राचा खारा वारा म्हणावा तर तो चारही कोपऱ्यांना सारखाच. मग मीठ याच कोपऱ्यात का? त्यांनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या आणि भिकीला समोर बसवून पानं उलटायला सुरुवात केली. दुपारी दोनच्या सुमारास १९८१ सालच्या मे महिन्यात बोट थांबलं. त्यांचंच अक्षर होतं. "मिठाच्या दोन गोणी आल्या. भांडारघर ओलं होतं म्हणून मी सुचवलं, गॅरेजात ठेवू. उत्तरेचा कोपरा." पुढच्या मे महिन्यात तेच. त्याच्या पुढच्याही. सासूबाई होत्या तोवर, बावीस वर्षं, घरचं वर्षाचं मीठ त्या कोपऱ्यात पाझरत होतं आणि जमीन ते पीत होती.

"चूक माझी निघाली गं," बाई म्हणाल्या.

"मीठ तुमचं आणि बोलणी मला," भिकी म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळी हसली. "आता पाजलेलं बाहेर काढायचं."

ते कसं काढायचं, हे कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं. रानशेतच्या घरात चुलीजवळची भिंत अशीच मिठाने फुलायची, तेव्हा तिची आई भिंतीवर ओल्या मातीचा जाड थर द्यायची. भिकीने भातशेतातली चिकणमाती आणली, कोपरा पाण्याने भिजवला आणि वर दोन बोटं जाड लेप दिला. तिसऱ्या दिवशी माती वाळून तडकली, तिच्यावर पांढरी भुकटी आली होती. विजयमालाबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि बोटाने चाखली. खारट! दुसऱ्या लेपावर भुकटी कमी आली. तिसऱ्यावर नावाला. तोवर मशीनं दिवाणखान्यात अडकून पडली होती आणि नूतन त्यांच्यामधून अंग चोरून जाताना रोज विचारत होती, "आई, मातीचा शेवटचा लेप कधी?"

मग पुन्हा ताट. सकाळी भिकीने ते उचललं आणि बाईंच्या हातात दिलं. त्यांनी आतून पदर फिरवला. पदर कोरडा.

प्रायमर झाला, करड्या रंगाचे दोन हात झाले. बांबूला रोलर बांधून भिकी त्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे मागे सरकत आली. "सारवतानाही असंच यायचं, बाय. पुढं गेलं की आपल्याच पावलांनी काम मोडतं."

तीन दिवसांनी जतीन आला. चपला बाहेर काढून थेट उत्तरेच्या कोपऱ्यात गेला, खाली बसला आणि किल्लीने रंग खरवडून बघितला. ओरखडासुद्धा उठला नाही. मग मान वर न करता म्हणाला, "शेडला किती ताटं लागतील?"

"घरातली सगळी आणा," भिकी म्हणाली. "वहिनींना सांगा, दोन दिवस केळीच्या पानावर जेवायचं."

त्या संध्याकाळी विजयमालाबाईंनी लिहिलं:

मंगळवार, २७ फेब्रुवारी. मशीनं गॅरेजात गेली. भिकी उद्यापासून जतीनच्या शेडवर. चारही ताटं घासून फडताळात परत ठेवली.